भावाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं तर तिथे नेमकं काय होतं? बाहेर आल्यावर तो बरा झालेला असेल का?

माझ्या नवऱ्यानं दारूसाठी हे उपचार घेतले आहेत, त्यामुळे घरच्यांच्या बाजूनं सांगते.

सगळ्यात आधी एक काळजी घ्या. भाऊ रोज पीत असेल, तर दाखल होण्याआधी घरच्या घरी त्याची दारू एकदम तोडू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस बरळतो, आणि हे जिवावरही बेतू शकतं. म्हणून केंद्रातले पहिले दिवस डॉक्टरांचे असतात: हा त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं, बी-1 जीवनसत्त्व, जेवण, झोप. याच दिवसांत तो 'मला आत्ता घरी न्या' म्हणून रडेल, शिव्याही देईल. त्या वेळी घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच असायला हवं. आमच्याकडे सासूबाईंना हे फार जड गेलं.

अंगातली दारू उतरली की खरं काम सुरू होतं. पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेल. 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते सुरू केलं. तिथला निवासी कार्यक्रम 35 दिवसांचा आहे. योगासनं, समुपदेशन, गटात बसून स्वतःबद्दल बोलणं असा दिवस जातो. तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत. 'तुला काय कळतंय माझं दुःख' हे वाक्य त्यांच्यासमोर चालत नाही, आणि मला वाटतं निम्मा उपचार तिथेच होतो.

केंद्र निवडताना डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मारहाण किंवा साखळीनं बांधणं चालत असेल तर तिथून परत फिरा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि रुग्णाला साखळदंडानं बांधायला त्यात बंदी आहे. जवळचं केंद्र कळत नसेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आता 'बरा होईल का' याबद्दल. दारू सुटू शकते, पण हा आजार मधुमेहासारखा कायम सांभाळावा लागतो. घरी आल्यावर फॉलोअप आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा (दारू सोडू पाहणारे तिथे एकमेकांना आधार देतात, फी नसते) चुकल्या की घसरण सुरू होते. एखादा पुन्हा प्यायला तर सगळं वाया गेलं असं समजू नका, त्याच आठवड्यात त्याला समुपदेशकाकडे न्या. आणि तुम्हीही बदला: त्याची उधारी फेडणं, ऑफिसात 'त्याला ताप आहे' सांगणं बंद करा. बायकांसाठी वेगळे गट असतात, वहिनींना तिथे नक्की पाठवा. त्याही थकलेल्या असणार.

जाहिरातीतली 'न सांगता चहातून द्या' छाप पावडर मात्र कधीच देऊ नका. तिच्यात काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम खाली येतो.

दाखल करताना तो किती पितो, कावीळ झाली होती का, कधी फिट आली होती का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी आकडा कमी सांगितला तर औषधाचा डोस चुकतो.