फोटोचे तीन तुकडे करण्याआधी

कापायची घाई करू नका, आधी भिंतीवरचं माप धरा. १२ इंच रुंद, १८ इंच उंच असे तीन पॅनल (शेजारी-शेजारी टांगायचे तुकडे) आणि दर दोन पॅनलमध्ये १ इंचाची फट, म्हणजे चित्र ३६ नव्हे, ३८ इंचांचं. फटीमागचा भाग फाइलमधून खरोखर काढून टाकायचा. नुसते तीन सारखे भाग करून ते दूर टांगले, की क्षितिजाची तिरपी रेघ किंवा झाडाची फांदी पलीकडे जुळतच नाही. डोळ्याला ते लगेच खुपतं.

फोटोशॉपमध्ये 'न्यू गाइड लेआउट'मध्ये कॉलम ३ आणि गटर (म्हणजे फट) १ इंच भरा, गाइडवरून, म्हणजे त्या मार्गदर्शक रेघांवरून, स्लाइस करा (कापा), गटरच्या पट्ट्या फेकून द्या. गिंप या मोफत फोटो-सॉफ्टवेअरमध्येही गाइडवरून कापता येतं.

१५० पीपीआयला (इंचाला १५० पिक्सेल) ही फाइल ५७०० बाय २७०० पिक्सेल हवी. तेवढी नसेल तर पॅनल लहान करा, फोटो ताणू नका.

कॅनव्हास चौकटीवर गुंडाळणार असाल तर नेमकं गाइडवर कापू नका, प्रत्येक पॅनलला चारही बाजूंनी चौकटीच्या जाडीपेक्षा थोडं जास्त चित्र ठेवा.

आणि चेहरा, विशेषतः डोळा, फटीत जाऊ देऊ नका. त्यासाठी गाइड नव्हे, फोटो सरकवा.