फाउंड्रीसाठी वाऱ्याची वीज: वर्षाची सरासरी नको, महिना बघा

दादा, शिरोलीतल्या फाउंड्रीसाठी साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची वीज पंधरा वर्षांच्या करारानं घ्यावी का, हवामान असं बदलत असताना वाऱ्याचा भरवसा किती, असं तुम्ही विचारलंत. पाटणच्या वरच्या अंगाला चक्क्यांच्या देखभालीत मी बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भरवसा धरा, पण वर्षाच्या एकूण आकड्यावर नको. वनकुसवडे काय, चाळकेवाडी काय, तिथला खरा वारा मोसमी. वर्षाची निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबरातच निघते. मार्च-एप्रिलला तुमची इंडक्शन भट्टी चालूच असते आणि वर पाती तासन्‌तास उभी. पूर्वी पावसाळ्यातली शिल्लक युनिटं उन्हाळ्याला कामी यायची. आता बँकिंगचा, म्हणजे ग्रिडवर जमा राहिलेल्या शिल्लक युनिटांचा, हिशोब महिन्याच्या महिन्याला मिटतो.

आता हवामानाचं. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग १० टक्के पडला की ताकद २७ टक्के जाते. मोसमी वारा चालतो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर, आणि हिंदी महासागर तापला की तो फरक आटतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच कारणानं १९८० पासून भारतातली पवनऊर्जेची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. उलट २०१० नंतर जगात बऱ्याच ठिकाणी जमिनीवरचा वारा पुन्हा वाढल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे वारा संपत चाललाय असं मी म्हणणार नाही. मला धास्ती आहे ती एकेका वाईट वर्षाची. २०२० च्या जुलैत, ऐन हंगामात देशभर वारा पडला. असा एक जुलै गेला की तुमचं त्या वर्षाचं सगळं गणित बसतं खाली.

आणि वारा असून वीज नाही, असेही दिवस मी बघितलेत. धुक्यात, पावसात डोंगरावरची लाइन ट्रिप व्हायची, माणसं चिखलातून फॉल्ट शोधत फिरायची, आणि तोवर वर्षातला सगळ्यात चांगला वारा नुसता वाहून जायचा. करारात हा तोटा कुणाच्या माथी, ते नीट वाचा.

विकणारा बहुतेक पी-५० चा आकडा दाखवेल. म्हणजे निम्म्या वर्षांत वीज त्याहून कमीच मिळणार. तुम्ही पी-९० मागा, दहांपैकी नऊ वर्षं तेवढी तरी मिळेल असा आकडा. सगळी गरज वाऱ्यावर टाकू नका. सोबत सोलर घ्या, कारण फेब्रुवारी ते मेमध्ये वारा कमी तेव्हा ऊन कडक. उन्हाळ्यातली रात्रपाळी मात्र महावितरणच्याच विजेवर धरून चला.

सहीआधी त्याच जागेवरच्या चालू चक्क्यांची मागच्या दहा वर्षांची महिनावार युनिटं घ्या, २०२० धरून. ती आणि तुमची वर्षभराची लाइटबिलं इथं टाका, मी महिन्याला महिना लावून बघतो.