भिशीचे 20,000 आणि 16,990 चा मायक्रोवेव्ह

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत भाड्याने राहतो. मिस्टर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला आहेत, हातात 42,000 पडतात. भाडं, मुलांची फी, गाडीचा हप्ता धरून 34,000 खर्च होतात. बँकेत 35,000 ची एफडी आहे. आम्हा दहा जणींची महिना 2,000 ची भिशी आहे, माझा नंबर सहावा, पुढच्या महिन्यात 20,000 मिळतील. 30 लिटरचा कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेने केकही भाजणारा, मायक्रोवेव्ह 16,990 ला बघून ठेवलाय. दुकानदार म्हणतो, गॅस वाचेल आणि केकच्या ऑर्डरी घेतल्या तर वर्षात पैसे वसूल. क्रेडिट कार्डावर 12 बिनव्याजी हप्तेही आहेत. भिशीतून घेऊ की हप्त्याने? ओट्यावर जागा कमी आहे, म्हणून फ्रिजवर ठेवायचा विचार आहे.

उत्तर : ताई, हे मशीन दोन्ही प्रकारे नको. 20 लिटरचा साधा, म्हणजे नुसतं गरम करणारा सोलो, घ्या. साधारण साडेसहा हजारांत येतो. तो भिशीतूनच घ्या, पण त्याआधी स्वयंपाकघरात 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या.

आधी भिशीचं बघू. सहाव्या महिन्यात हातात 20,000 येतात, पण तोवर तुम्ही भरलेले असतात 12,000. उरलेले 8,000 म्हणजे बाकीच्या मैत्रिणींचं उसनं, ते पुढचे चार महिने फेडायचंच आहे. तेव्हा या खरेदीची मर्यादा 20,000 नव्हे, 12,000. सोलो 6,500, वायरिंगचे अंदाजे 2,000 आणि काचेची झाकणवाली दोन-तीन भांडी 700, असे 9,200 होतात. कन्व्हेक्शनची किंमतच 16,990, त्यात वायरिंग मिळवलं की 19,000. म्हणजे मैत्रिणींच्या पैशाने ओव्हन. शिवाय तुमची एफडी जेमतेम एका महिन्याच्या खर्चाएवढी आहे. कंपनीत ओव्हरटाइम थांबला किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर ती कितीशी पुरणार? भिशीतून उरतील ते 10,800 लगेच एफडीला जोडा.

बिनव्याजी हप्त्यात व्याज असतंच, फक्त ते सूट म्हणून वजा दाखवतात. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांमधलं हे झाकलेलं व्याज रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच दाखवून दिलं होतं. 16,990 चे 12 हप्ते म्हणजे महिना 1,416. कार्डाचा दर 15 टक्के धरला तर त्यात सुमारे 1,300 रुपये व्याज दडलेलं असतं. ते कंपनी किंवा दुकानदार सोसतो, पण त्यावरचा 18 टक्के जीएसटी, सुमारे 235 रुपये, तुमच्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी 299 असेल तर करासह 353. झाले 588. आणि रोखीने घेताना घासाघीस करून जे हजारभर सुटले असते, ते वेगळेच गेले. लक्ष्मीपुरीत काय, राजारामपुरीत काय, रोख किंवा यूपीआयचा भाव आधी विचारा, हप्त्याचं नाव नंतर काढा.

आता गॅस. दुकानदाराचा हा दावा उलटा आहे. 14.2 किलोच्या टाकीत साधारण 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली 60 टक्के भांड्यात जाते असं धरलं तर 108 युनिट कामी येतात. टाकी 900 ची धरली, तर कामी आलेलं एक युनिट सव्वाआठ रुपयांना पडलं. सोलो मायक्रोवेव्ह मात्र भिंतीतून 1,200 वॅट ओढतो आणि अन्नाला 700 देतो. महावितरणच्या बिलात सगळे आकार धरून युनिट 12 रुपयांना पडत असेल, तर कामी आलेलं युनिट 20 रुपयांच्या वर जातं. त्यामुळे सकाळचं दोन लिटर दूध, डाळ-भात, अंघोळीचं पाणी यांना मायक्रोवेव्ह लावायचा नाही. एक वाटी आमटी किंवा गार झालेला चहा गरम करायचा असेल तर पातेलं तापवण्यात गॅस जात नाही आणि भांडंही एकच घासावं लागतं. फायदा तेवढाच, पण रोजचा आहे. दिवसाला 15 मिनिटं वापरलात तर महिन्याला 9 युनिट, सुमारे 108 रुपये. तुमचं बिल आत्ता 95 युनिटांवर असेल तर 100 च्या वरची युनिटं पुढच्या, महागड्या टप्प्यात मोजली जातील, हेही लक्षात ठेवा. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा. नुसतं घड्याळ तीन वॅट खात असेल तरी महिन्याला दोन युनिट जातात.

केकच्या ऑर्डरींसाठी कन्व्हेक्शन घेणं मला पटत नाही. सलग तीन-चार केक काढले की आतलं तापमान वाढून सुरक्षेचा कटआउट मशीन बंद पाडू शकतो आणि मग थंड होईपर्यंत थांबावं लागतं. त्याहून मोठी अडचण वॉरंटीची. घरगुती वॉरंटीत धंद्यासाठीचा वापर बसत नाही. केकच करायचे तर सहा हजारांच्या आसपासचा ओटीजी (भाजण्याचा साधा विजेचा ओव्हन) बरा. दोन टिन शेजारी बसतात आणि खालून-वरून नीट भाजतं. पण तोही आत्ता नको. आधी कुकरमध्ये, शिट्टी आणि रबर काढून, ओळखीत पाच-सहा केक विकून बघा. कच्चा माल, डबा आणि गॅस वजा करून काय उरतं ते वहीत लिहा. नियमित विकायचं ठरलं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागेल, ती ओटीजीच्या आधी करा.

फ्रिजवर ठेवायचा विचार सोडून द्या. दोन्ही यंत्रं उष्णता बाहेर टाकतात. फ्रिजच्या सॉकेटवरच मायक्रोवेव्ह जोडला की वायर आणि पिन तापतात. तिसरं कारण तांबड्या रश्श्याचं. वरची तर्री कढत असते, डोक्याच्या उंचीवरून वाटी काढताना हात हलला की चेहऱ्यावर येते. ओट्याच्या उंचीचं लोखंडी स्टँड घ्या, मागे 10 सेंटीमीटर आणि वर 20-30 सेंटीमीटर मोकळं सोडा. नक्की अंतर मॅन्युअलमध्ये असतं. पॉइंटसाठी मुख्य बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून घ्या. घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून होकार घ्या. पॉइंट घरालाच राहणार असल्याने निम्मा खर्च भाड्यातून वळता करता येतो का, तेही विचारा. लोक विचारत नाहीत म्हणून मालक देत नाहीत.

वापरात बहुतेक खर्च शिंतोड्यांनी होतो. रस्सा उघडा तापवला की तेल उजव्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पत्र्यावर उडतं, ते जळतं आणि ठिणग्या दिसतात. हा पत्रा शे-दोनशेत बदलून मिळतो. तसंच रेटून वापरलं तर मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा मुख्य भाग, जातो आणि तो बदलायला अडीच-तीन हजार लागू शकतात. साडेसहा हजारांच्या मशीनवर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. म्हणून झाकण ठेवा. पांढरा रस्सा निम्म्या पॉवरवर आणि मध्ये ढवळून तापवा, नाहीतर नारळाचं दूध फुटतं. भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून 20 सेकंद, त्यापुढे तिचा पापड होतो. स्टीलची वाटी आणि सालासकट उकडलेलं अंडं आत नको. रिकामा कधीच चालवू नका. बंद पडला तर घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला वीज साठवणारा कपॅसिटर झटका देऊ शकतो.

वाढीव वॉरंटी 1,200 ला गळ्यात घालतील. सोलोसाठी घेऊ नका. काचेची ताटली आणि अभ्रकाचा पत्रा त्यात सहसा नसतोच. त्याऐवजी घरी आल्यावर दुकानाच्या माणसासमोरच काचेच्या ग्लासात एक कप पाणी ठेवून दोन मिनिटं चालवा. पाणी चांगलं कढत झालं, ताटली फिरली आणि दार घट्ट बसलं, तरच पावतीवर सही करा.