शहराने दिल्लीकडे काय मागावे, आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लहान शहरात राहते. तेथील नगरपरिषद दरवर्षी संघ सरकारकडे करावयाच्या मागण्यांची यादी खुल्या सभेत मंजूर करते आणि तिचा पाठपुरावा करण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये मानधनावर प्रतिनिधी नेमते, असे तिने मला सांगितले. हे कायदेशीर असते का? आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला असे काही करता येईल का? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर येथूनही पुष्कळ निवेदने गेली, पण त्यांचे पुढे काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही.
— एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपल्या मुलीने सांगितलेली पद्धत अमेरिकेत पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि किनाऱ्यावरची अनेक लहान शहरेही ती पाळतात. तेथील १९९५ च्या लॉबिंगविषयक कायद्यानुसार, मोबदला घेऊन संसदेसमोर किंवा प्रशासनासमोर कोणाची बाजू मांडणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. २००७ च्या दुरुस्तीनंतर तिला दर तिमाहीस आपण कोणासाठी, कोणत्या विषयावर काम केले आणि त्यापोटी किती पैसे घेतले, हे जाहीर करावे लागते. शहराने हा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून करायचा असतो. संघ सरकारच्या अनुदानातून तो करता येत नाही. शिवाय कॅलिफोर्नियातील खुल्या सभांच्या कायद्यामुळे नगरपरिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते, त्यामुळे यादीत काय आले आणि काय वगळले गेले हे नागरिकांना ठराव होण्यापूर्वीच कळते.

मात्र त्या पद्धतीचे खरे बळ वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधीत नसून यादीच्या घडणीत आहे, असे माझे मत आहे. समुद्राने खाल्लेल्या किनाऱ्यावर पुन्हा वाळू भरणे हे एकच काम उदाहरणादाखल घेऊ. या कामाला संघ सरकारचा पैसा हवा असेल, तर लष्कराच्या अभियंता विभागाने त्याचा अभ्यास करावा लागतो, साधारणपणे दर दोन वर्षांनी होणाऱ्या जलसंपदाविकास कायद्यात त्याला मंजुरी मिळावी लागते, आणि त्यानंतर वार्षिक अर्थसंकल्पात त्यासाठी वेगळी तरतूद व्हावी लागते. पहिल्या बांधकामाच्या खर्चात संघ सरकारचा वाटा सर्वसाधारणपणे ६५ टक्के असतो. उरलेले ३५ टक्के स्थानिक संस्थेने आणि राज्याने उभे करायचे असतात. सॅन डिएगो परगण्यातील एन्सिनिटास आणि सोलाना बीच या शेजारच्या दोन शहरांच्या अशा संयुक्त प्रकल्पाला संसदेची मंजुरी २०१६ साली मिळाली आणि वाळू प्रत्यक्षात पडू लागली ती २०२४ साली. एवढा काळ एकच मागणी लावून धरायची, तर दरवर्षी नवी यादी करून भागत नाही. नगरसेवक बदलले तरी मागणी तीच राहावी लागते आणि आपल्या वाट्याची रक्कम बाजूला पडत राहावी लागते.

तेथे दुसरा मार्ग आहे तो खासदारामार्फत एखाद्या नेमक्या कामासाठी अर्थसंकल्पात रक्कम मागण्याचा. ही पद्धत २०११ पासून बंद होती. २०२१ साली ती नव्या अटींसह पुन्हा सुरू झाली. मागणी खासदाराच्या संकेतस्थळावर जाहीर झाली पाहिजे, त्या कामात आपला किंवा कुटुंबाचा आर्थिक हितसंबंध नाही असे खासदाराने लेखी दिले पाहिजे, आणि नफा कमावणाऱ्या संस्थेला पैसा जाता कामा नये, अशा त्या अटी आहेत. पहिल्या वर्षी कनिष्ठ सभागृहातील प्रत्येक सदस्याला केवळ दहा कामे सुचवता येत होती. एका सदस्याच्या मतदारसंघात अनेक शहरे असतात, म्हणून प्रत्येक शहराला आपले एखाददुसरे काम आधीच निवडून ठेवणे भाग पडते. तरीही खात्री नसतेच. मार्च २०२५ मध्ये संपूर्ण वर्षासाठी जो तात्पुरता खर्च मंजूर झाला, त्यात अशी सगळी कामे गळाली. जाणत्या नगरपरिषदा एका कामासाठी दोन-तीन वाटा मोकळ्या ठेवतात, त्या याच कारणाने.

आता आपल्याकडे वळू. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नमूद केले, तरी त्या विषयांसाठी केंद्राचा पैसा महापालिकेकडे जवळजवळ नेहमी राज्य शासनामार्फतच येतो. वित्त आयोगाचे अनुदान हा एक मार्ग. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातील नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपयांची शिफारस केली. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी त्यातील ४० टक्के रक्कम मोकळी आणि ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधलेली होती, तसेच जमाखर्च वेळेवर प्रसिद्ध करण्याची आणि मालमत्ता कराविषयीची अट होती. या अटी पुऱ्या करणे हे महापालिकेच्या हाती असते आणि त्यासाठी दिल्लीत कोणी माणूस असण्याची गरज नसते. दुसरा मार्ग केंद्रपुरस्कृत योजनांचा. ‘अमृत २.०’ मध्ये एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराला पाणीपुरवठ्याच्या कामासाठी केंद्राकडून एक तृतीयांश वाटा मिळतो. शहराने आपला पाणी आराखडा करायचा, तो राज्याच्या आराखड्यात समाविष्ट व्हायचा, राज्याच्या उच्चाधिकार समितीने तो तपासायचा आणि मग केंद्राच्या समितीकडे जायचा, असा हा क्रम आहे. राज्याच्या आराखड्यात जे काम नाही, त्यासाठी दिल्लीत कितीही गाठीभेटी घेतल्या तरी उपयोग होत नाही.

लॉबिंगची नोंदणी आणि प्रकटीकरण करायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१३ साली लोकसभेत तसे एक खासगी विधेयक आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. जिथे कोणी कोणासाठी काय मागितले हे उघड करण्याचे बंधनच नाही, तिथे करदात्यांच्या पैशाने मध्यस्थ नेमणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते. तोच पैसा पक्क्या मोजणीवर आणि सविस्तर प्रकल्प अहवालावर खर्च व्हावा. खासदार, आमदार आणि आयुक्त हे आपले अधिकृत प्रतिनिधी आहेतच; त्यांच्या हाती अपुरा कागद देऊन त्यांना पाठवणे हाच आपला मोठा दोष आहे.

आपल्या निवेदनांचे काय होते, याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पूर आल्यानंतर केंद्राचे जे पथक येते, ते मदतीसाठी नुकसानीचा अंदाज घेते. ती मदत आपत्ती प्रतिसाद निधीच्या ठरलेल्या निकषांनुसार मिळते. पूर पुन्हा येऊ नये किंवा आला तरी हानी कमी व्हावी यासाठीची कामे वेगळ्या निधीतून होतात. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या एकूण तरतुदीतील ८० टक्के रक्कम प्रतिसादासाठी आणि २० टक्के रक्कम सौम्यीकरणासाठी, म्हणजे अशा हानी कमी करणाऱ्या कामांसाठी, वेगळी केली होती. पाहणीस आलेल्या पथकाकडे संरक्षक भिंतीची किंवा नाल्याच्या रुंदीकरणाची मागणी करणारे निवेदन दिले, तर ते त्या पथकाच्या कामाच्या कक्षेतच बसत नाही. लोक चिखलात उभे राहून, अंतःकरणापासून मागत असतात. म्हणून त्यांचा कागद योग्य टेबलावर जावा याची काळजी महापालिकेने घेतली पाहिजे. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि मंत्रालयांचे अंदाज त्याच्या कित्येक महिने आधी तयार होऊ लागतात. त्यामुळे महासभेचा ठराव पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होऊन सप्टेंबरपूर्वी तो राज्याच्या संबंधित खात्याकडे आणि खासदारांकडे पोहोचलेला असावा.

प्रश्न : कवलापूरचा विमानतळ, ड्रायपोर्ट (समुद्रापासून दूर उभारलेले मालवाहतुकीचे केंद्र), शेरी नाला, पूरसंरक्षण, वारणेचे पाणी अशा अनेक मागण्या आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. आपल्या मते यात आधी काय असावे?
— एक व्यापारी, गणपती पेठ, सांगली

उत्तर : विमानतळ आणि ड्रायपोर्ट यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही, बेदाण्याच्या आणि हळदीच्या व्यापाऱ्याला त्यांची निकड जाणवणे स्वाभाविक आहे. तथापि ती कामे महापालिकेची नव्हेत. त्यांचा आग्रह जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी, व्यापारी संघटनांनी आणि राज्याच्या उद्योग खात्याने धरावा. महापालिकेच्या यादीत तीच कामे असावीत, ज्यांची जबाबदारी कायद्याने तिच्यावर आहे आणि ज्यांसाठी आपला वाटा उचलण्याची तिची तयारी आहे. या कसोटीला माझ्या मते दोनच मागण्या निर्विवादपणे उतरतात.

पहिली सांडपाण्याची. शहराचे मैलापाणी शेरी नाल्यातून कृष्णेत मिसळते आणि त्याच नदीचे पाणी शहर पिते, ही स्थिती सांगलीकरांच्या किमान दोन पिढ्यांनी पाहिली आहे. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कृष्णाकाठची जी गावे घेतली गेली, त्यांत कऱ्हाडबरोबर सांगलीही आहे, आणि नाल्याचे पाणी उचलून धुळगावकडे नेण्याची योजनाही उभी राहिली. म्हणजे प्रश्न केंद्राला ठाऊक आहे आणि पैसा पूर्वी मिळालेला आहे. अशा स्थितीत पुन्हा पैसा मागताना आधीच्या योजनेतील पंप किती चालतात, किती पाणी उचलले जाते, देखभालीचा खर्च कोण करतो आणि उरलेले पाणी नदीत का जाते, याचा प्रामाणिक हिशेब अहवालाच्या पहिल्या पानावर आला पाहिजे. तो नसेल तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असेल, आणि तसा प्रश्न विचारणे त्याचे कर्तव्यच आहे. शहराला कृष्णेऐवजी वारणा नदीचे पाणी मिळावे, ही मागणीही मी याच मागणीशी जोडीन. नदी स्वच्छ झाली तर त्या मागणीचे स्वरूप बदलेल. ती होणार नसेल, तर का होणार नाही हे सांगूनच दुसऱ्या उद्भवाचा पैसा मागता येईल.

दुसरी मागणी पुराची, आणि ती अधिक अवघड आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट; २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ साली साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोहोचले आणि २०२१ साली पुन्हा ५४ फूट ओलांडून गेले. कोयनेचा विसर्ग, वारणेचा हरिपूरजवळचा संगम, खालच्या बाजूचे अलमट्टी धरण आणि पात्रालगतची बांधकामे या साऱ्यांचा विचार महापालिकेच्या आवाक्याबाहेरचा आहे. अलमट्टीच्या उंचीचा वाद दोन राज्यांमधला असून तो महाराष्ट्र शासनानेच मांडायचा आहे. कृष्णा खोऱ्यातील पूरनियंत्रणाचा जो कार्यक्रम राज्याने जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतला आहे, त्याचा पाठपुरावाही राज्याकडेच करावा लागेल. नदीवरील पूरसंरक्षक कामांसाठी केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. २०२४ च्या निर्णयानुसार त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला ६० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते, परंतु प्रस्ताव राज्याच्या जलसंपदा विभागाकडूनच जावा लागतो.

महापालिकेने स्वतःच्या नावाने मागावे ते शहरातील नैसर्गिक नाल्यांचे आणि पावसाळी गटारांचे काम. त्याच्या जोडीला धोरणात्मक स्वरूपाची एक मागणीही असावी. राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतून शहरी पुरासाठी पहिल्या टप्प्यात मुंबई, पुणे यांसह सात महानगरे घेतली गेली आणि दुसऱ्या टप्प्यात आणखी अकरा शहरे आली. त्यांत सांगली नाही. नदीकाठच्या मध्यम शहरांसाठी या निधीत वेगळे दालन असावे, अशी मागणी सांगली, कोल्हापूर आणि कऱ्हाड यांनी एकत्र येऊन केली, तर तिला वजन येईल आणि तिच्यासाठी महापालिकेला स्वतःचा एक रुपयाही आधी उभा करावा लागणार नाही. याबरोबर पूररेषेचे पालन झालेच पाहिजे. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या निषिद्ध पट्ट्यात, बांधकामे होऊ द्यायची आणि संरक्षणासाठी केंद्राकडे पैसा मागायचा, या दोन गोष्टी एकाच अर्जात बसत नाहीत. गणपती पेठेतील आपल्यासारख्यांनी दुकानात पाणी शिरलेले पाहिले आहे. महासभेसमोर हे बोलण्याचा अधिकार आपल्याइतका क्वचितच कोणाला असेल.

प्रश्न : खासदार निधीतून ही कामे होऊ शकत नाहीत का?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : फार थोडी. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत एका खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि सांगली लोकसभा मतदारसंघात मिरजेपासून जतपर्यंत सहा विधानसभा क्षेत्रे येतात. या रकमेतून सभागृह, रस्ता किंवा पाण्याची टाकी होऊ शकते. मलनिस्सारणाची योजना होऊ शकत नाही. खासदारांकडून मागण्यासारखी गोष्ट निराळी आहे. त्यांनी लोकसभेत प्रश्न विचारून, नियम ३७७ खाली विषय मांडून आपल्या प्रस्तावाची नेमकी स्थिती मंत्रालयाकडून लेखी मिळवावी. या कामाला निधी लागत नाही, आणि मिळालेले उत्तर कायमचे नोंदले जाते.

प्रश्न : आमच्या कऱ्हाडसारख्या नगरपालिकेला यातले काय लागू पडते, आणि सामान्य नागरिकाने सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, कऱ्हाड, जिल्हा सातारा

उत्तर : लहान शहराची बाजू काही बाबतींत अधिक भक्कम आहे. लोकसंख्या एक लाखाहून कमी असल्याने ‘अमृत २.०’ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी केंद्राचा वाटा निम्मा होतो, आणि सांडपाण्यासाठी ‘स्वच्छ भारत अभियान नागरी २.०’ मध्ये अशाच शहरांकरिता वेगळा घटक आहे. सुरुवात कागदांपासून करावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नगरपालिकेकडे तीन गोष्टी मागाव्यात : गेल्या तीन वर्षांत राज्याकडे पाठवलेल्या प्रस्तावांची यादी, त्या प्रत्येकावर राज्याकडून आलेले उत्तर, आणि स्वहिश्श्यासाठी अंदाजपत्रकात केलेली तरतूद. माहिती साधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते. यादीत काम असून तरतूद नसेल, तर पुढील अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना हे कागद दाखवून त्या तरतुदीचा लेखी आग्रह धरावा.