गोठ्यातले पाणी कुठे वाचवायचे?

प्रश्न : चार संकरित गायी आहेत. उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागतो. गायींना दोनदाच पाणी पाजले तर भागेल का? (एक पशुपालक, सांगोला) गोठा रोज धुतला नाही तर चालेल का? (एक शेतकरी, आटपाडी)

उत्तर : पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नका. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. दुभत्या संकरित गाईला दिवसाला साधारण ६० ते ८० लिटर पाणी लागते, कडक उन्हात आणि वाळल्या वैरणीवर त्याहून जास्त. पाणी कमी पडले की ती वैरण कमी खाते आणि दुधाला उतरते. टँकरचे वाचलेले पैसे डेअरीच्या बिलातून वजा होतात. हौद सावलीत ठेवा, त्याला फ्लोट व्हॉल्व्ह (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा) बसवा आणि गायींना हवे तेव्हा पिऊ द्या. गळका हौद आजच दुरुस्त करा.

खरी उधळण धुण्यात होते. पाइपचा झोत मारून शेण वाहवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. एकदा पाइपखाली बादली धरून ती किती वेळात भरते ते बघा, मग दहा मिनिटांचा हिशेब स्वतःच करा. आधी फावड्याने शेण उचला, खराट्याने जमीन झाडा आणि उरलेला डाग बादलीभर पाण्याने काढा. म्हणजे आटपाडीकरांनो, रोजची धुणी बंद केली तरी चालेल, रोजची झाडलोट नाही. उलट सतत ओल्या जमिनीवर बसणाऱ्या गाईला कासदाह आणि खुरांचे आजार लवकर होतात. धारेआधी कास मात्र स्वच्छ पुसून कोरडी करा, प्रत्येक गाईला वेगळे फडके वापरा. जागा असेल तर मुक्त संचार गोठा करा, म्हणजे गायी न बांधता कुंपणात मोकळ्या सोडा. तिथे धुण्याचे काम फारच थोडे उरते. गोठ्याच्या मोरीचे पाणी नेपियरच्या (चाऱ्याच्या उंच गवताच्या) सरीत सोडा.

सर्वांत जास्त पाणी मात्र वैरण पिते, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मे महिन्यात पाट सोडून हिरवा चारा जगवण्यापेक्षा पावसाळ्यात मका लावा, दाणे चिकात असताना कापून कुट्टी करा आणि हवाबंद मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) भरा. साधारण दीड महिन्यात तो खायला तयार होतो. नेपियर ठेवायचाच असेल तर थोडा ठेवा आणि ठिबकवर ठेवा. कडबाही कुट्टी करूनच घाला. पायाखाली तुडवलेली वैरण म्हणजे वाया गेलेले पाणीच.

पाऊस सुरू होण्याआधी पत्र्याला पन्हळ लावून घ्या. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. तीस बाय वीस फुटांच्या पत्र्यावर ४०० मिलिमीटर पावसात, गळती-सांडणी वजा जाऊनही, १७ ते १८ हजार लिटर पाणी हाती लागते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धुळीचे असते, ते टाकीत घेऊ नका.