लोकलमध्ये जीव घाबरा होतो, म्हणून मुंबई सोडायची का?

‘मॅडम, सगळे जातात, मग मलाच का होतं असं?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सतत येतो. विचारणारी बहुतेक मंडळी नोकरीसाठी नव्याने मुंबईत आलेली असतात. लोकलमध्ये छातीत धडधडतं, घाम फुटतो, मधल्याच स्टेशनवर उतरावं लागतं. आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो: मला हे शहर झेपणारच नाही का?

एका मुलीबद्दल सांगते. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची, बी.कॉम. झालेली. डोंबिवलीला आत्याकडे राहायची. ऑफिस चकाल्याला, म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. सुरुवातीला धडपडत का होईना, जात होती. जुलैतल्या एका सकाळी कळवा आणि ठाण्याच्या मधे गाडी सिग्नलला थांबली. बाहेर मुसळधार पाऊस, खिडक्या खाली ओढलेल्या, लेडीज डब्यात हात वर करायलाही जागा नाही. तिच्या बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, ‘आता मी इथेच संपणार’ असं वाटलं. ठाण्याला उतरून ती फलाटावरच्या बाकावर बसली आणि थोड्या वेळाने बरी झाली. पुढच्या खेपेला मुंब्र्यालाच उतरली. मग दिव्याला. मग कोपरला, जे डोंबिवलीच्या अगदी पुढचं स्टेशन. माझ्याकडे आली तेव्हा ती स्टेशनच्या रस्त्यालाही जात नव्हती.

घरच्यांनी जमेल ते केलं होतं. वडील फोनवर म्हणत, ‘परत ये, इथे बघू काहीतरी.’ आत्या म्हणायची, ‘अगं, होते सवय, आम्हालाही झाली.’ आत्तेभावाने स्वतःच्या पैशाने एसी लोकलचा पास काढून दिला. गर्दी कमी, दारं बंद, म्हणजे पडायची भीती नाही, असा त्याचा साधा हिशेब. एसी लोकलमध्ये तिला जास्तच त्रास झाला. दारंच बंद, म्हणजे उतरायचा मार्गही बंद!

मला ही केस उलगडली ती या एसी पासमुळे. लोकलच्या भीतीत दोन भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक खरी आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, हे सगळ्यांनी पाहिलं. दारात उभं राहणं धोक्याचंच आहे आणि त्याला घाबरणाऱ्या माणसाला मी कधीच ‘घाबरू नकोस’ म्हणणार नाही. दुसरी भीती शरीराने चुकून वाजवलेल्या घंटेची असते. धोका नसतो, पण शरीर पळायची तयारी करतं. पहिल्या भीतीला नियोजन लागतं, दुसरीला तिथेच थांबून राहणं लागतं. ‘सवय होईल’ या सल्ल्यात यातलं काहीच नाही, म्हणून तो ऐकून माणूस आणखी एकटा पडतो.

आधी मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन. ईसीजी आणि थायरॉईड ठीक होतं, हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. सकाळी नुसत्या चहावर निघायची, तेही बदललं. आणखी एक प्रश्न मी बायका-मुलींना आवर्जून वेगळा, एकटीला विचारते: गर्दीत कुणी हात लावला, काही वाईट घडलं का? तसं असेल तर ती भीती नसून इजा असते आणि मदतीची वाटही निराळी असते. तिच्या बाबतीत तसं नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत, डॉक्टरांचा होकार होता म्हणून, मी तिला माझ्यासमोर मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. मीही बरोबर घेतला. थोड्याच वेळात ती स्वतःची बोटं बघायला लागली. ‘मॅडम, ह्याच मुंग्या. गाडीत ह्याच येतात.’ खोलीत पंखा चालू, दार उघडं, गर्दी नाही, आणि तरी मुंग्या. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर आणि मुंग्या येतात; ऑक्सिजन मात्र पुरेसा असतो. हे नुसतं सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती. बोटांनी सांगितलं ते तिला पटलं. (दमा, हृदयविकार, फिट्स असतील किंवा गर्भारपण असेल तर हा प्रयोग करायचा नाही, आणि कुणीच घरी एकट्याने करायचा नाही.)

मग कोपर, दिवा, मुंब्रा यांचं गणित तिला कागदावर मांडून दाखवलं. असा भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरायला लागतो. पण ती दर वेळी तो उतरण्याआधी गाडीतून उतरायची. शरीराने त्यातून काय शिकावं? ‘उतरले म्हणून वाचले.’ पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. पर्समधली पाण्याची बाटली, कानाला सतत आईचा फोन, हेही त्याच जातीचं. आधार वाटतो, पण भीतीचं बळ वाढतं.

त्यामुळे नियम एकच ठेवला: ठरवलेल्या स्टेशनआधी उतरायचं नाही. भीती शून्य ते शंभरमध्ये किती, ते डायरीत लिहायचं. ती घालवायची नाही, नुसती मोजायची. पहिला प्रवास रविवारी दुपारी, आत्याबरोबर, ठाण्यापर्यंत. आत्याला मी विनंती केली, ‘काही नाही होत गं’ म्हणू नका, फक्त विचारा, ‘आत्ता किती?’ त्या बाईंनी ते इतकं मनापासून केलं की अर्धं श्रेय मी त्यांना देते.

रविवार म्हणजे मध्य रेल्वेवर बऱ्याचदा मेगाब्लॉक. आम्ही ते बघून दिवस ठरवायचो. पण ती पहिल्यांदा एकटी निघाली त्या दिवशी गाडी नेमकी कळव्याच्या पुढे थांबून राहिली. जुलैतल्या त्याच जागेच्या आसपास. डायरीत आकडे आहेत: ७०, ९०, ९०, ८०, ६०, ४०. गाडी हलली तेव्हा ४० होते. म्हणजे भीती उतरली ती गाडी उभी असताना, दार आणि फलाट यांच्या मदतीशिवाय. मला मिळालेल्या कागदांमध्ये हा सगळ्यात मोलाचा वाटतो.

गर्दीच्या वेळेची तयारी मात्र नियोजनाची होती, आणि तिथे आत्याचा अनुभव कामी आला. कल्याण-बदलापूरकडून भरून येणारी गाडी सोडायची, डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी पकडायची. दारातल्या खांबाला न धरता सरळ आत, दोन बाकांच्या मधे जायचं. बसलेल्यांना ‘कुठे उतरणार?’ विचारून जागा सांगून ठेवायची. कांजूरमार्ग गेलं की पुढच्या बाईला ‘घाटकोपर?’ विचारत दाराकडे सरकायचं, विक्रोळीपर्यंत रांगेत लागलेलं असायचं. आपल्याला उतरता येणार आहे हे माहीत असलं की निम्मी घुसमट कमी होते. दिवसाआड दिसणाऱ्या चेहऱ्यांशी तिची ओळख झाली, एकीने तर स्वतःहून सीट दिली. फार गर्दी असेल तर गाडी सोडायची मुभा होती, पण कारण लिहायचं: ‘दारात लटकावं लागलं असतं’ की ‘छातीत धडधडलं’. पहिलं कारण चालेल. दुसरं असेल तर पुढच्या गाडीत चढायचंच.

मधे दोनदा ती घसरली. एकदा आजारपणानंतर, एकदा दिवाळीला गावी राहून आल्यावर. दोन्ही वेळा आम्ही एक पायरी खाली येऊन पुन्हा सुरुवात केली. असं होतं, आणि त्याने आधीचं वाया जात नाही.

आता ‘मुंबई सोडू का?’ याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे: भीती शिगेला असताना हा निर्णय घेऊ नये. गाडीत बसता येऊ लागलं की घ्यावा, आणि तेव्हा परत जाण्यातही काही कमीपणा नाही. झटके घरी बसल्याजागी, रात्री झोपेत येत असतील, मन सतत उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकट्याने प्रयोग करत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही. श्रमाने छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर आधी डॉक्टर.

त्या मुलीने हल्ली भांडुपला मैत्रिणींबरोबर खोली घ्यायचं ठरवलंय. मी विचारलं, ‘भीतीमुळे का?’ ती म्हणाली, ‘नाही मॅडम, रोजचा जाण्यायेण्याचा वेळ वाचेल म्हणून. खोली बघायला सकाळी साडेआठच्या गाडीनेच गेले होते.’