माणसातही किनेज असतात, मग मलेरियाच्या किनेजवर औषध कसे चालेल?

किनेज म्हणजे इतर रेणूंना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारे विकर (एन्झाइम). माणसाच्या पेशींत अशी पाचशेहून अधिक किनेज असताना मलेरियाच्या परजीवीचे किनेज रोखणारे औषध रुग्णालाच बाधणार नाही का, असे आपण विचारले आहे. शंका रास्त आहे. फॉस्फेट पुरवणारा एटीपी हा रेणू ज्या खाचेत बसतो ती खाच सर्व किनेजांत बरीच सारखी असते आणि किनेज रोखणारी बहुतेक संयुगे, म्हणजे अवरोधक, तिथेच शिरतात. तरीही प्लास्मोडियम फाल्सिपारम या मलेरियाच्या परजीवीपुरते बोलायचे तर निवडक मारा शक्य आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा पीकेजी या विकराने दिला आहे.

पीकेजी हे सायक्लिक जीएमपी या पेशीतील निरोप्या रेणूच्या इशाऱ्यावर चालणारे किनेज आहे. तांबड्या पेशीत सुमारे ४८ तास वाढून परजीवीचे अनेक मेरोझोइट (नव्या तांबड्या पेशींत शिरणारी त्याची रूपे) तयार झाले, की त्यांच्यातील सायक्लिक जीएमपी वाढते, पीकेजी जागे होते, कॅल्शियम मोकळे होते आणि सब१ नावाचे प्रथिन-विघटक विकर परजीवीभोवतीच्या पोकळीत सोडले जाते; त्यानंतर पेशी फुटून मेरोझोइट बाहेर पडतात. पीकेजी अडवले, तर सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तयार झालेले मेरोझोइट पेशीतच अडकून पडलेले दिसतात. अवरोधक वेळेत धुऊन काढला, तर त्या पेशी थोड्याच वेळात जवळजवळ एकदमच फुटू लागतात. परजीवींचे वय जुळवून घेण्यासाठी प्रयोगशाळांत ही युक्ती सर्रास वापरली जाते.

आता निवडकपणाचे कारण. खाचेच्या तोंडाशी एक अमिनो आम्ल पहारेकऱ्यासारखे असते. परजीवीच्या पीकेजीत त्या ६१८व्या जागी थ्रिओनीन हे लहान अमिनो आम्ल आहे, त्यामुळे आत एक जादा कप्पा मोकळा राहतो. माणसाच्या पीकेजीत तिथे मोठे अमिनो आम्ल असल्याने तो कप्पा बंद असतो. थ्रिओनीनच्या जागी ग्लुटामीन हे मोठे अमिनो आम्ल घातलेला परजीवी त्या कप्प्यात शिरणाऱ्या अवरोधकाला दाद देत नाही. औषधाचा घाव नेमका कुठे बसतो हे ठरवण्याची याहून स्वच्छ कसोटी मला तरी ठाऊक नाही. गंमत म्हणजे या गटातील पहिली संयुगे कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरील संशोधनातून आली, कारण त्या रोगाचा आयमेरिया हा परजीवी मलेरियाच्या परजीवीचा नातलग आहे.

सीडीपीके या किनेजांच्या दुसऱ्या कुळाची गोष्ट वेगळी आहे. कॅल्शियम धरणारा भाग आणि किनेज एकाच प्रथिनात जोडलेली ही विकरे या परजीवीत आणि वनस्पतींत आढळतात, माणसात नाहीत. म्हणून अनेकांनी प्रथम सीडीपीके१ला लक्ष्य केले. परंतु त्याच्यासाठी घडवलेल्या इमिडाझोपिरिडाझीन गटातील काही संयुगांचा मारा प्रत्यक्षात पीकेजीवर होत असल्याचे २०१६ साली दिसून आले आणि पुढे सीडीपीके१ नसलेला परजीवीही रक्तात वाढू शकतो हे सिद्ध झाले. त्याची खरी निकड डासातील टप्प्यांत भासते. माणसात नसलेले विकर आपोआप उत्तम लक्ष्य ठरते, हे गृहीतक म्हणूनच मला कच्चे वाटते.

याच कुळातील सीडीपीके४ मात्र मुख्यतः डासाच्या पोटात कामाला येते. रक्तासोबत तिथे पोहोचलेल्या नर पूर्वयुग्मकाला (ज्यापासून नर युग्मके, म्हणजे परजीवीच्या प्रजनन पेशी, बनतात) तापमानातील घट आणि झँथुरेनिक आम्ल यांचा इशारा मिळतो. मग जेमतेम पंधरा मिनिटांत तो तीनदा डीएनए दुप्पट करून आठ नर युग्मके सोडतो. उंदरांतील प्लास्मोडियम बर्घेईवर काम करून २००४ साली हे विकर त्यासाठी अनिवार्य असल्याचे दाखवले गेले. युग्मके घडण्यासाठी पीकेजीही लागते, त्यामुळे त्याच्यावरील औषधाने रुग्णाच्या रक्तातील वाढ आणि डासामार्फत होणारा प्रसार अशा दोन्ही गोष्टींना आळा बसू शकतो.

प्रतिकाराचा प्रश्न उरतोच. ६१८व्या जागचा बदल प्रयोगशाळेत मुद्दाम घालता येतो, हे वर आलेच. पण एका पीकेजी अवरोधकाच्या दाबाखाली परजीवी वाढवले असता हा बदल आपसूक उद्भवला नाही, तर टीकेएल३ या भलत्याच किनेजात बदल होऊन सौम्य प्रतिकार निर्माण झाला. मला या लक्ष्याविषयी आशा वाटते ती मुख्यतः यामुळे.